बापूंची म्हैस

“बापूंची म्हैस सूर्योदयाला दुसऱ्या शेतकऱ्याच्या पायऱ्या चढली.”

हे वाक्य पडद्यावर आलं तेव्हा मी नाशिकच्या एका सभागृहात तिसऱ्या रांगेत कागदी कपातला चहा सांभाळत बसलो होतो. जुन्या फॉन्टमधली मराठी कागदपत्रं यूनिकोडमध्ये आणणारं सॉफ्टवेअर एक कंपनी दाखवत होती. “शंभर टक्के आमची निर्मिती,” असं सांगत त्या तरुणाने बटण दाबलं आणि म्हैस पायऱ्या चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझा चहा पॅंटीवर सांडला, कारण ते वाक्य आमचं होतं.

मागचं थोडक्यात सांगतो. इंजिनिअरिंगला असताना ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स टाकलं, वडिलांच्या ऑफिसचा हिशेब त्यात उडाला, मार खाल्ला आणि तेच पुढे पोटापाण्याचं झालं. पुण्यात वीस वर्षं नोकरी केली, शेवटी ओपन सोर्स विभागाचा प्रमुख झालो, मग नाशिकला गंगापूर रोडला परत आलो. पदाबिदांचं एवढं पुरे.

ते वाक्य 2008 सालचं. यूनिकोडच्या आधी प्रत्येक फॉन्टची अक्षरमांडणी निराळी असायची. एका फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसता कचरा दिसे. त्यातही मराठीचा तो चंद्रकोरीसारखा अर्धा र म्हणजे डोकेदुखी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या, हा फरक हिंदीला लागत नाही, त्यामुळे संगणकालाही तो मुद्दाम शिकवावा लागला. यूनिकोडमध्ये त्यासाठी खाली टिंब असलेल्या ऱ चा आधार घेतात, आणि तो ऱ मुळात दाक्षिणात्य भाषांतला उच्चार दाखवायला ठेवलेला! शनिवार-रविवार बसून हे रूपांतर करणारा प्रोग्रॅम आम्ही लिहिला आणि जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांसाठी खुला केला. म्हशीचं वाक्य त्याच्या चाचणीचं. सूर्योदयातला र डोक्यावर जायला हवा, बाकी तिघांनी कोर व्हायला हवं.

आता राग कशाचा, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण घरीही कुणाला पटलं नाही. “फुकटच दिलं होतंस ना?” असं बायको म्हणाली. विकल्याचा राग नाहीच. जीपीएल विकायला मनाई करत नाही, हे मीच आयुष्यभर ग्राहकांना सांगत आलो. पण प्रोग्रॅम पुढे देताना त्याचा सोर्स कोडही द्यायचा, लिहिणाऱ्यांची नावं पुसायची नाहीत आणि पुढच्यालाही तेच हक्क मिळू द्यायचे, एवढ्याच मुख्य अटी आहेत. त्या मोडल्या की लायसन्स संपतं. 2004 साली म्युनिकच्या न्यायालयाने हे लायसन्स मोडणाऱ्या कंपनीविरुद्ध मनाईहुकूमही दिला होता. फुकट आणि बेवारस यांत फरक आहे की नाही? पाणपोईचं पाणी कुणीही प्यावं, पण म्हणून रांजण उचलून घरी नेतात का?

कार्यक्रम संपल्यावर मी त्या तरुणाला विचारलं, “हे म्हशीचं वाक्य कुठलं हो?”

“आमच्या टीमने लिहिलंय सर. गावरान टच.”

गावरान टच! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र लिहिलं. कायद्याची कलमं टाकली. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृतीच धरली जाते आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरी ‘हे मी लिहिलं’ म्हणण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. कुसुमाग्रजांच्या गावात आपणही साहित्यिक ठरलो, याचा मला तशाही स्थितीत थोडा आनंद झाला. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं. सदर कोड इंटरनेटवर मोफत उपलब्ध असल्याने आपला दावा लागू होत नाही. खाली सही नाही, नाव नाही. पुन्हा लिहिलं, पुन्हा तीच ओळ.

वकिलाकडे जायचं ठरवलं. पुरावा म्हणून जुनी झिप फाइल शोधून काढली. वरच्या ओळीत वर्ष, माझं पूर्ण नाव आणि पुढे दोन शब्द होते, ‘आणि इतर’.

ते दोन शब्द मीच लिहिले होते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट तेव्हा आलं होतं. लिनक्समध्ये 2005 पासून प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, पण आम्ही आळशी, झिप करून ठेवून दिली. माझ्याबरोबर प्रोग्रॅम लिहिणारी पोरं तीन होती. “नावात काय आहे, कोड बोलतो,” असं मी त्यांना सारखं ऐकवायचो, आणि स्वतःचं नाव मात्र मधल्या नावासकट टाकलं होतं.

त्यांतल्या सिन्नरच्या मुलाला फोन लावला. आता तो बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. सगळी हकिकत तावातावाने सांगितली, माझं वाक्य चोरलं म्हणालो. पलीकडे जरा शांतता झाली.

“सर, ती म्हैस आमची होती. बापू म्हणजे माझे आजोबा.”

मला खरंच आठवत नव्हतं. इतकी वर्षं ते वाक्य मी माझंच धरून चाललो होतो, दोनतीन भाषणांत सांगून हशाही घेतला होता. त्याला राग आला होता का, विचारलं. “तेव्हा आला होता,” म्हणाला.

म्हणून त्या कंपनीला माफ केलं असं नाही. आमची पोरं निदान ‘इतर’ तरी होती, कंपनीने तर तेही पुसलं. आता तिसरं पत्र गेलंय, चौघांच्या सह्यांनी, आणि आमच्या फाइलीत चार नावं अकारविल्हे घातली आहेत. त्यात माझं शेवटी येतं. ओपन सोर्समध्ये काम करणाऱ्या पोरांनो, तुमचा साहेब काहीही म्हणो, पहिल्या दिवशी फाइलीत आपलं नाव घाला.

फोन ठेवताना मी म्हशीचं विचारलं. 2012 च्या दुष्काळात विकली, म्हणाला.