फिरत्या घरांतील इंटरनेट
सुटींत फिरत्या घराच्या मोटारीनें कोंकणांत जाण्याचें ठरलें, तेव्हां इंटरनेटसाठीं कोणतें साधन घ्यावें, हा प्रश्न आम्हांपुढें उभा राहिला. सीवूड्सच्या घरीं वृद्ध मातोश्री एकट्याच. त्यांची हाक आम्हांपर्यंत पोहोंचलीच पाहिजे. दुकानदार महागडा राउटर पुढें करी. परंतु मनोऱ्याची लहरच जेथें नाहीं, तेथें यंत्र बापुडें काय करणार? ८५० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी २३००च्या लहरींपेक्षां दूर जातात व झाडींतूनही अधिक शिरतात. मोटारीचा पत्रा मात्र त्यांस अडवितो. म्हणून ते पट्टे घेणारा, १२ व्होल्टांवर चालणारा साधा राउटर, छपरावर अँटेना आणि दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं सिमकार्डें आम्हीं घेतलीं. कशेडी घाटांत एकीचा मनोरा अंतरला, तर दुसरीचा आधार! विद्यार्थ्यांनो, साधनाची किंमत पाहण्यापूर्वीं आपली वाट पाहावी.