तीन हजार ओळींतली एक ओळ

चेन्नईत ओएमआरवर, शोलिंगनल्लूरच्या ऑफिसात मी बिलिंगच्या टीममध्ये काम करत असताना एका सहकाऱ्याची पुल रिक्वेस्ट माझ्याकडे रिव्ह्यूला आली. तीन हजारांच्या वर ओळी. वर्णनात एवढंच होतं: करगणनेचा कोड नीट लावला आहे. फायली हलवल्या होत्या, फंक्शनांची नावं बदलली होती, फॉर्मॅटरने निम्म्या ओळींचं इंडेंटेशन बदललं होतं. हे सगळं लाल-हिरव्या रंगात सारखंच दिसत होतं.

मी ब्रँच उतरवून घेतली आणि गिटचा कलर-मूव्हड पर्याय लावला. 2017 पासून गिटमध्ये ही सोय आहे: नुसती जागा बदललेल्या ओळी वेगळ्या रंगात दिसतात. त्याच्या जोडीला इंडेंटेशनचे फरकही दुर्लक्षित केले. खऱ्या बदलाच्या जेमतेम काही ओळी उरल्या आणि त्यांतली एक धोक्याची निघाली. कराचं राऊंडिंग पूर्वी एकूण बेरजेवर होत होतं, ते आता लूपच्या आत, प्रत्येक वस्तूवर होऊ लागलं होतं. सीजीएसटी कायद्याचं कलम 170 कराची रक्कम जवळच्या रुपयात पूर्ण करायला सांगतं. तीन वस्तूंवर 10 रुपये 40 पैसे कर असेल, तर बेरजेवर 31 रुपये होतात, वस्तूगणिक केलं तर 30. एका बिलात रुपयाचा फरक. महिन्याच्या हजारो बिलांत तो हिशेब तपासनिसापर्यंत जातो.

ही ओळ मला सापडली ती रंगांमुळे, आणि तेच मला अस्वस्थ करत होतं. वाचणाऱ्याला असं उत्खनन करावं लागता कामा नये. आम्ही दोघं शेजारी बसलो आणि त्या बदलाचे तीन भाग केले. पहिल्यात फक्त हलवाहलव आणि नावं. अट एकच, टेस्टमधली एकही अपेक्षा बदलायची नाही. ती बदलावी लागली तर वागणूक बदलली, म्हणजे ती ओळ पहिल्या भागातली नाही. दुसऱ्यात फक्त फॉर्मॅटर. तिसऱ्यात खरा बदल, टेस्टसकट, आणि वर्णनात वाचायला कुठून सुरुवात करायची ते. पहिले दोन भाग झरझर वाचून झाले. तिसऱ्यावर मात्र खरी चर्चा झाली, आणि राऊंडिंग परत बेरजेवर गेलं.

इतके तुकडे केले की वेळ जातो, अशी तक्रार टीममध्ये लगेच आली. ती मला मान्य नाही. लिहिणाऱ्याचा अर्धा तास जातो खरा, पण वाचणाऱ्या प्रत्येकाचे तास वाचतात. लिनक्स कर्नलमध्ये एका पॅचमध्ये एकच तार्किक बदल, हा नियम जगभरच्या माणसांना लागू आहे. गूगलने 2018 साली आपल्या रिव्ह्यूंबद्दल प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बदलांचा मध्यक 24 ओळी निघाला होता. शेऱ्यांनंतर दुरुस्त केलेली मालिका परत आली की आम्ही रेंज-डिफ वापरू लागलो. जुन्या आणि नव्या मालिकेतला फरक तेवढाच समोर येतो, सगळं पुन्हा वाचावं लागत नाही.

डेटाबेसचे बदल इतक्या सहज तुटत नाहीत. नवा कॉलम आणायचा, काही काळ दोन्हीकडे लिहायचं, जुना डेटा हलवायचा, मग जुना कॉलम काढायचा. हे अनेक रिलीजमध्ये पसरतं आणि एकेक तुकडा वाचून पूर्ण चित्र दिसत नाही. तिथे आम्ही आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी 1976 साली मांडलेल्या पद्धतीकडे वळलो: बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही, एकाने कोड समजावत वाचायचा, बाकीच्यांनी चुका फक्त नोंदवायच्या, दुरुस्ती नंतर. अशाच एका बैठकीत टेस्टिंगच्या सहकारी बाईंनी विचारलं, क्रेडिट नोटला राऊंडिंगचा हाच नियम लागतो का? कोडमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. प्रश्न नोंदवून आम्ही पुढची फाईल वाचायला घेतली, आणि क्रेडिट नोटचा बदल नंतर स्वतंत्रपणे रिव्ह्यूला आला.