चौकोनाबाहेरची आत्या

ज्या घरात लग्नाचा आल्बम असतो, त्या घरून पाहुणा चहा संपताच उठतो, असा आमचा वाशीमचा अनुभव आहे. काळ्या जाड पानांवर कोपऱ्यांत खोचून बसवलेले फोटो आणि दोन पानांमध्ये जाळीच्या नक्षीचा पातळ कागद. तो कागद यजमान अशा काही बेताने उचलायचे, की खाली बालाजीचे दर्शनच घडणार! पण एक होते. आल्बमात फोटो लागायचा तो अख्खा.

आता आल्बमच्या जागी लिंक येते. पुतणीच्या लग्नानंतर फोटोग्राफरचा निरोप आला, "काका, चौदाशे फोटो आहेत. दोनशे निवडा."

उघडून पाहतो तो नुसते चौकोन. बँकेतल्या माणसाला रकाने दिसले की बरे वाटते, म्हणून मी सरसावून बसलो. पण खाली जावे तो आणखी चौकोन! पान संपेना, बेरीज येईना. हे न संपणारे पान एझा रास्किन नावाच्या गृहस्थांनी २००६ साली काढले आणि पुढे त्याचा पश्चात्तापही जाहीर केला. चौकोनावर बोट ठेवले की फोटो मोठा होतो आणि बाकी सगळा अंधार. ही लाइटबॉक्सची सोय लोकेश ढाकर यांची, २००५ची. तिथे फोटो अख्खा दिसतो. पण चौदाशे वेळा बोट कोण ठेवणार? घरच्यांनी चौकोन पाहूनच भराभर खुणा केल्या.

मग आत्या चष्मा लावून बसली. "मी कुठी आहो रे?"

आत्या कुठेच नव्हती. दोन-तीन ठिकाणी नुसता पदर.

चौकोन करायचा म्हणजे आडव्या फोटोचा मधला भाग ठेवायचा आणि दोन्ही कडा छाटायच्या. आत्याचे यजमान तिच्या तिशीतच गेले. तेव्हापासून ती प्रत्येक ग्रुप फोटोत कडेला उभी राहते. मध्ये ये म्हटले तर म्हणते, "राहू दे नं बाप्पा." आम्हीही राहू दिले. यंत्राला कशाला बोल लावा?

शिवाय चौकोनच हवा असे कुठे लिहिले आहे? इन्स्टाग्रामवर २०१५पर्यंत चौकोनाशिवाय सोय नव्हती हे खरे. पण फ्लिकरने २०१२ सालीच ओळीची उंची सारखी ठेवून फोटोला हवी तेवढी रुंदी दिली होती. त्यात कोणाचा पदर कापावा लागत नाही.

फोटोग्राफरला फोन केला. "सेटिंग आहे काका, बदलतो." दोन मिनिटांचे काम!

आत्या सेहेचाळीस फोटोंत निघाली. नोटा मोजाव्यात तसे मी दोनदा मोजले. तिने त्यातले चव्वेचाळीस नापास केले : कुठे डोळे मिटलेले, कुठे निऱ्या विस्कटलेल्या. उरलेल्या दोनांपैकी एकात पुतणीने तिचा हात धरून तिला मध्ये ओढलेले होते. त्या ओढाताणीत नवरी चांगलीच हलली होती.

"हा मोठा कर," आत्या म्हणाली. "पोरगी थोडी पुसट आली, तं चालते."