अँबॅसिडरचं काळीज, चिंकाऱ्याची चाल

स्पोर्ट्स कार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लाल फेरारी, पिवळी लॅम्बोर्गिनी, फार तर रविवारी सकाळी सहा वाजता वरळी सी फेसवरच्या समस्त बिल्डिंगींची झोप उडवत जाणारी एखादी पोर्श. माझ्या डोळ्यांसमोर अलिबाग येतं. हसू नका. आणि तो 'अलिबाग से आया है क्या' वाला जोक तर अजिबात मारू नका. ऑफिसात सगळ्यांचा मारून झालाय. शिवाय आमची गाडी खरोखरच अलिबागहून आलीय!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे जवळजवळ सगळ्यांसाठी) सांगतो. पेणहून अलिबागला जाताना कार्लेखिंड लागते. आपण तिथून गाडीच्या काचा वर करून, मनात पापलेट घोळवत निघून जातो. याच कार्लेखिंडीत गिडो बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने एक दोन सीटांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार बनवली. चिंकारा रोडस्टर १.८ एस. लांबलचक नाक, बाहेर आलेले गोल दिवे आणि नाकाच्या पार मागे, जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला ड्रायव्हर. ही चण मूळची लोटस सेव्हनची. कॉलिन चॅपमनने १९५७ साली ती गाडी आणली तेव्हा त्याचा फंडा एकदम सिंपल होता: इंजिन मोठं करत बसण्यापेक्षा गाडीचं वजन कमी करा. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅमला विकले आणि तिथे ती चण अजून जिवंत आहे.

चिंकाऱ्याची खरी गंमत बॉनेटखाली आहे. तिथे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसतं. कुठलं? हिंदुस्तान मोटर्सने काँटेसात आणि अँबॅसिडर १८०० मध्ये बसवलं होतं, तेच. म्हणजे ज्या इंजिनाने लाल दिवा, पांढरे पडदे, मागच्या सीटवरचा टॉवेल आणि टॉवेलावरचे साहेब असा टनाहून जड ऐवज वर्षानुवर्षं ओढला, त्याच्यापुढे एकदम फायबरग्लासचं हलकं कवच आणि पोलादी नळ्यांचा सांगाडा एवढंच ओझं ठेवायचं. दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाच्या पाठीवर अचानक शाळेचं दप्तर दिल्यासारखं. तो पळणारच!

'एवढीच हौस होती तर जपानहून एखादी जुनी मियाटा मागवायचीस,' असं आमच्या टीममधला एक शहाणा म्हणाला. मित्रा, वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि वरची ड्यूटी ऐकली तर तू स्वतःच जपानला शिफ्ट होशील. त्यामुळे पगारदार माणसाने जुनी, दोन सीटांची, सरळ कागदपत्रांची गाडी घ्यायची म्हटली, तर इथेच जन्मलेल्या चारदोन विचित्र बाळांकडे बघावं लागतं. एक सॅन स्टॉर्म, रेनोच्या ११४९ सीसी इंजिनाची, गोड चेहऱ्याची आणि ६० हॉर्सपॉवरची. दुसरी ही. मला गोड नको होती.

शोधाची स्टोरी लांबवत नाही. दोन वर्षं गेली. एक मिळाली ती कापून काहीतरी भलतंच केलेली, दुसरीच्या मालकाला विकायचीच नव्हती, नुसती दाखवायची होती. मग मागच्या वर्षी एका मित्राच्या मावशीच्या शेजारी, अलिबागेतल्या नारळीच्या वाडीत, ताडपत्रीखाली एक गाडी असल्याचं कळलं. २००४ चं पासिंग, एमएच ०६. मालक २०२३ मध्ये गेले. विकायची होती ती काकूंना.

आता जुनी गाडी बघायला जाताना एकट्याने जाऊ नये, विशेषतः प्रेमात पडलेल्याने. मी ठाण्याच्या चाचांना घेऊन गेलो. चाचांची अर्धी हयात सरकारी अँबॅसिडरी आणि काँटेसा उघडण्यात गेलीय. त्यांनी आधी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, 'बॉडी मत देख बेटा. बॉडी तो बाल्टी है.' शब्द थोडे कडक, पण मुद्दा शंभर टक्के खरा. फायबरग्लास गंजत नाही. त्याला उन्हाने कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्या घासून भरता येतात. गंजतो तो खालचा सांगाडा. आणि अलिबागच्या खाऱ्या हवेत वीस वर्षं म्हणजे लोखंडासाठी जन्मठेपच. वरून चकाचक दिसणाऱ्या बॉडीच्या आत नळ्यांचा पापड झालेला असू शकतो.

चाचा लुंगी सावरत गाडीखाली शिरले आणि पेचकसाची मूठ एकेका जोडावर आपटत गेले. चांगल्या नळीचा टण्ण आवाज येतो. सडलेलीचा थप्प. मी वर उभा राहून टण्ण मोजत होतो. मागच्या डाव्या बाजूला, सस्पेन्शनचा दांडा जिथे सांगाड्याला जोडलेला असतो, तिथे दोनदा थप्प आला. माझ्या पोटातही. 'दो फूट पाइप काटके नया डालेगा,' खालून आवाज आला. 'बाकी ठीक है.'

मग नंबर. इंजिन आणि चॅसिसचा नंबर आरसीशी जुळला नाही तर गाडी कितीही दुर्मीळ असो, तुम्ही पैसे देऊन पोलीस स्टेशनची फेरी विकत घेतलेली असते. अशा गाडीत ही भीती जरा जास्तच, कारण बिघडलेल्या इंजिनाच्या जागी भंगारातल्या अँबॅसिडरचं इंजिन सहज बसतं आणि तशी नोंद आरटीओत करायला कोणी जात नाही. आम्ही रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉकवरचं वीस वर्षांचं काजळ पुसलं. एकेक आकडा उगवत होता आणि काकू पायरीवर बसून चष्मा लावून आरसीतला आकडा वाचत होत्या, बँकेत ओटीपी वाचावा तशा. शेवटचा आकडा जुळला तेव्हा चाचांनी 'चलो' म्हणून विडी पेटवली.

इथपर्यंत सगळं टेक्निकल होतं. खरी पंचाईत पुढे सुरू झाली.

मी विचारलं, 'काकू, किंमत काय ठरवलीय?' त्या म्हणाल्या, 'तो भंगारवाला साठ हजार म्हणाला. आणि एक जण येऊन गेला, त्याचं बीचवर हॉटेल आहे. तो नव्वद देतो, कागद नकोत म्हणाला. गाडी दारात उभी करून त्यात झाडं लावणारे. तू शंभर दे.'

शंभर म्हणजे एक लाख.

माझ्या बँकेत या गाडीसाठी चार लाख होते. तीन वर्षांचा बोनस आणि न घेतलेली एक बाइक. एक लाखात गाडी आणि उरलेल्या तिनात सगळी डागडुजी! बायकोने माझ्याकडे बघितलं. मी नारळाकडे बघितलं. तुम्ही म्हणाल, व्यवहार आहे, त्यांनी आकडा सांगितला, तू हो म्हण. सगळ्या सेकंड हँड बाजाराचा पायाच हा आहे की एकाला माहीत असतं आणि दुसऱ्याला नसतं. डीलर यावरच जगतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डीलर काकूंच्या ओटीवर बसून त्यांच्या हातचं आंबोळी-चटणी खात नसतो. मी दुसरी आंबोळी खात होतो.

'काकू,' मी म्हणालो, 'ही गाडी लाखाला देऊ नका.' बायकोने हुश्श केलेलं मला ऐकू आलं. (तिने नंतर सांगितलं, मी हो म्हणालो असतो तर जेट्टीपर्यंत ती माझ्याशी बोलली नसती.) मग मी अशा गाड्या किती कमी आहेत, ही न कापलेली का महत्त्वाची, इंजिन नंबर जुळण्याला काय किंमत, सगळं सांगितलं. जुन्या गाड्या जमवणाऱ्या दोघांचे फोन नंबर दिले आणि म्हटलं, आधी त्यांना विचारा. माझी ऐपत सव्वातीन लाखांची आहे, कारण उरलेले तिच्यावरच खर्च होणार. कोणी जास्त देत असेल तर खुशाल द्या.

हे लिहायला छान वाटतं. त्या रात्री घरी आल्यावर मात्र मला जाम झोप आली नाही. दोन वर्षं शोधलेली गाडी मी स्वतःच्या तोंडाने घालवली होती, असंच वाटत होतं. आठवडाभर फोन नाही. नवव्या दिवशी काकूंचा फोन आला. दोघांपैकी एकाने तीन चाळीस सांगितले होते. 'पण तो म्हणाला, माझ्याकडे अकरा गाड्या आहेत, ही बारावी. बारावीला कोण फिरवतो रे? ह्यांनी ही गाडी जपली, पण रोज चालवली. तू सव्वातीन दे. चालवणार असशील तरच.'

मग कागद. मंडळी, इथे घाई करणारा फसतो. मालक हयात नसताना तुम्ही थेट विकत घेऊ शकत नाही. आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना-हरकत वगैरे जोडून. काकूंचा मुलगा कॅनडात, त्याचे कागद यायलाच दीड महिना. ते झालं की मग विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. मधल्या काळात पासिंगही संपलेलं. खासगी गाडीला पहिल्यांदा पंधरा वर्षं मिळतात, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फीच दहा हजार झालीय. वर पर्यावरण कर वेगळा. 'व्हिंटेज आहे' म्हणून मिरवायची सोय नाही, कारण २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडीचं वय पन्नास वर्षांच्या वर लागतं. माझी गाडी म्हातारी नाही आणि तरुणही नाही. आमच्या एचआरच्या भाषेत मिडल मॅनेजमेंट.

तपासणीसाठी तिला पेणच्या आरटीओत न्यायची होती. पासिंग नसलेली गाडी चालवत न्यायला चाचांनी साफ नकार दिला, म्हणून ट्रकवर चढवली. कार्लेखिंडीत ट्रक चढणीला लागला तेव्हा मी ड्रायव्हरला म्हटलं, ही गाडी इथेच बनलीय. त्याने आरशात बघितलं. 'मग इथेच द्या की परत,' म्हणाला.

आरटीओतल्या साहेबांनी ती दोनदा भोवती फिरून बघितली. कंपनीचं नाव वाचलं. बॉनेट उघडायला सांगितलं. आणि मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. 'अरे, हे तर अँबॅसिडरचं!' त्यांच्या खात्यात पूर्वी होती म्हणे. पुढची दहा मिनिटं तपासणी कमी आणि आठवणी जास्त झाल्या.

नळी कापून नवी बसवायला, ब्रेक आणि सगळे रबरी पाइप बदलायला चाचांनी दोन महिने घेतले. पेट्रोलचे पाइप तर बदलायचेच होते, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि या वयाच्या गाड्यांमधलं जुनं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. ते मऊ पडतं, फुगतं, गळतं. गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल हा चेष्टेचा विषय नव्हे. इंजिनाचे पार्ट मात्र आरामात मिळाले. अँबॅसिडरचं उत्पादन उत्तरपाड्यात २०१४ साली थांबलं, पण कोलकात्याच्या टॅक्सीवाल्यांच्या कृपेने तिचे पार्ट ठेवणारी दुकानं अजून आहेत. फेरारीवाल्यांनो, जरा जळा.

शेवटी एका शनिवारी मी तिला मांडव्याहून रो-रो बोटीत चढवलं. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, छप्पर नाही. बसलं की बाजूच्या स्कूटरवाल्याचा गुडघा आपल्या नजरेसमोर येतो. भाऊच्या धक्क्यावर उतरताना रॅम्पवर पोट घासू नये म्हणून तिरकी काढावी लागली आणि मागच्या इनोव्हाने हॉर्न वाजवून माझा उद्धार केला. पुढे फ्रीवेवर दुसऱ्या गिअरमधून तिसरा टाकला, आणि सरकारी साहेबांना कधी कळलंच नसेल की त्यांची गाडी काय ओरडू शकत होती!

रात्री काकूंचा फोन आला. पोचलास का, जेवलास का, वगैरे झालं. मग म्हणाल्या, 'डावा दिवा लागतो का रे? ह्यांना तो कधी धड लावता आला नाही. दर पावसाळ्यात गडप.'

लागत होता. फायबरच्या बॉडीतून करंट परत जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर ओढावी लागते. डाव्या दिव्याची वायर रंगावरच स्क्रूने बसवलेली होती. चाचांनी ती खरवडून थेट सांगाड्याला बांधली. दहा मिनिटांचं काम.

मी काकूंना ते सगळं समजावून सांगितलं. पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, 'दहा मिनिटांचं? आणि हा माणूस एकोणीस वर्षं माझ्यावर चिडत होता, की मीच वाडीत पाणी घालताना तो भिजवते म्हणून!'