आमचे डिसेंबरातले रोजे

आमच्याकडची जुनी माणसे म्हणतात, ‘जालना, सोने का पालना.’ ज्याने हे पहिल्यांदा म्हटले तो बहुधा जानेवारीत येऊन गेला असावा. एप्रिल-मे महिन्यात आला असता तर त्याला पालना नव्हे, भट्टी आठवली असती. तशा भट्ट्या जालन्यात आहेतच. लोखंडी सळया तयार करणारे कारखाने आहेत. पण उन्हाळा आला की कारखाना कुठला आणि घर कुठले हे ओळखू येत नाही. आम्ही राहतो अंबडला. सूर्य मात्र दोन्हीकडे तोच आहे.

अशा या जिल्ह्यात आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहोत आणि घरी बाप आहोत. शिक्षक होण्यासाठी बी.एड. करावे लागते, बाप होण्यासाठी काहीच करावे लागत नाही, ही मोठी चूक आहे. बी.एड.ला किशोरावस्थेवर एक प्रकरण होते. स्टॅन्ली हॉल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९०४ साली या वयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याला वादळाचा व ताणतणावाचा काळ म्हटले. हे आम्ही परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिले आणि चांगले गुण मिळवले. त्या वेळी आमच्या घरी पाळण्यात दोन वादळे झोपलेली होती, हे काही लक्षात आले नाही.

गोष्ट २०२२ सालची आहे. साहबजादे चौदा वर्षांचे होते, साहबजादी तेरा वर्षांची. साहबजाद्यांच्या ओठांवर काजळाची रेघ ओढावी तशी मिशी आली होती आणि जिभेवरचे शब्द त्याच प्रमाणात कमी झाले होते. ‘हौ’, ‘नको’ आणि ‘मालूम’ या तीन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता. साहबजादीचे उलट होते. तिच्याकडे प्रश्नांचा साठा होता, आणि तो आमच्या पाण्याच्या टाकीसारखा कधी संपत नव्हता. घरात कूलर एक. त्याच्यासमोर बसण्याची जागा दीड माणसाची. ती जागा कोणाची यावर दोघांत रोज जी बोलणी चालत, त्यापेक्षा दोन देशांमधली बोलणी लवकर आटोपत असतील.

त्या वर्षीचा उन्हाळा तर विचारूच नका. देशातला १२२ वर्षांतला सर्वांत गरम मार्च म्हणून हवामान खात्याने त्याची नोंद केली आणि त्याच्या पाठोपाठ ३ एप्रिलला रमजान आला. कोरोनाची दोन वर्षे मशिदी बंद असताना घरात तरावीह पढून काढली होती. यंदा मशिदी उघड्या होत्या. त्या आनंदात साहबजाद्यांनी जाहीर केले, “सारे रोजे रखूंगा.”

आम्हाला आनंद झाला. आनंद झाला की शिक्षक भाषण करतो. आम्ही म्हणालो, “बेटा, हम तेरा बरस के थे, तब से पूरे रोजे रखते.” हे वाक्य त्या महिन्यात आम्ही किती वेळा म्हटले याचा हिशेब आमच्या बेगमकडे आहे. ती रोज असरनंतर भर उकाड्यात गॅससमोर उभी राहून भजी तळत होती, स्वतः रोज्याने. तिच्या रोज्यावर मात्र आम्ही एकही भाषण केले नाही, हे आता लिहिताना जाणवते.

बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्या वर्षी एप्रिलभर शाळा सुरू होत्या. विसाव्या-एकविसाव्या रोज्याची गोष्ट. शाळेतून आलो, जोहर पढलो आणि फरशीवर ओला पंचा अंथरून पडलो. वीज गेलेली. कूलर मुका. घशात वाळूचा रस्ता झालेला. इतक्यात स्वयंपाकघरात माठाचे झाकण वाजले.

आम्ही उठलो आणि दाराआडून पाहिले. साहबजादे माठाजवळ उभे होते. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, अर्धा पेला पाणी घेतले आणि प्याले.

विसरून पाणी प्यायले तर रोजा तुटत नाही, हा मसला आम्ही पाचवीच्या मुलांनाही सांगतो. क्षणभर वाटले, पोरगा विसरला असेल. पण विसरलेला माणूस आधी डावी-उजवीकडे पाहत नाही.

एक गोष्ट मात्र नजरेत भरली. पेला अर्धाच घेतला होता आणि थेंबही सांडला नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा हा पाच वर्षांचा होता. टँकर आला की आजीचा पदर धरून छोटी कळशी घेऊन रांगेत उभा राही. चोरून पितानाही पोराने पाणी मोजून घेतले होते. त्याने पेला विसळला नाही, पालथाही घातला नाही. जागेवर तसाच ठेवून दिला आणि हातांनी तोंड झाकून तिथेच बसला.

आम्ही पाय न वाजवता मागे आलो आणि पंचावर पडलो. आमच्यातला बाप म्हणाला, जाऊन कान धर. शिक्षक म्हणाला, समजावून सांग. बी.एड. म्हणाले, प्रकरण सातवे पुन्हा वाच. तिघांचे भांडण चालू असताना डोळा लागला.

इफ्तारला साहबजादे सगळ्यांच्या आधी टोपी घालून दस्तरखानवर बसले. खजूर हातात धरून अजानची वाट पाहत होते. आमची नजर चुकवत होते. बेगमने त्यांच्यापुढे सरबताचा मोठा पेला ठेवला, “मेरा बच्चा सूख गया” म्हणाली. पोराची मान आणखी खाली गेली. इथे आम्ही गप्प बसायला हवे होते. पण सवय वाईट. अजान झाली, खजूर खाल्ली आणि तोंडातून निघून गेले, “हम तेरा बरस के थे...”

“अब्बा, तुम तेरा के कब थे?” साहबजादीने विचारले.

“सन १९९९ में.”

ती उठली, वही घेऊन आली. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो, हे आम्हीच तिला शिकवले होते. शिकवलेले मुलांच्या लक्षात राहते, हा या धंद्यातला मोठा धोका आहे. तिने २३ वर्षांना ११ ने गुणले. २५३ दिवस आले. ३ एप्रिलपासून २५३ दिवस पुढे मोजले. मग भिंतीवरच्या नमाजच्या बारमाही तक्त्यापुढे जाऊन उभी राहिली.

“अब्बा, तुमारे रोजे डिसेंबर में थे! सवा बारा घंटे के. भाई का रोजा चौदा घंटे का है. और तुमकू तो स्वेटर था!”

बेगम हसता हसता ओढणीने डोळे पुसू लागली. आम्ही म्हणालो, “ठंड में भूख जादा लगती.” पण या युक्तिवादात दम नव्हता.

तेवढ्यात पलंगावरून अम्मी बोलल्या. अम्मी कमी बोलतात, पण वेळ साधून बोलतात. “डिसेंबर के भी कहाँ पूरे थे? बेरां कौन खाया?”

आमचा घास अडकला. शाळेमागे एक बोरीचे झाड होते. डिसेंबरात ते लगडायचे. रोज्याच्या दिवसांत आम्ही मित्रांसह तिथे ‘अभ्यासाला’ जात होतो. अम्मीने शांतपणे सांगितले, “चड्डी धोते वखत खिशे में बिया मिलते थे. रोज के पाँच-छे.”

तेवीस वर्षे हे आमचे एकमेव गुपित आहे असे आम्ही समजत होतो. आम्ही विचारले, “अम्मी, तब बोले कायकू नहीं?”

“रोजा मेरे वास्ते रखा था क्या तू? अगले साल अपने आप पूरे रखा ना.”

सगळे हसले. साहबजादे हसले नाहीत. ते आजीकडे टक लावून पाहत होते.

त्या रात्री तरावीहहून आम्ही दोघे पायी परतत होतो. रस्त्याची फरशी अजून गरम होती. चपलेतून चटका लागत होता. कोपऱ्यावर साहबजादे थांबले आणि त्या महिन्यातले सर्वांत लांब वाक्य बोलले, “अब्बा, आज दोपहर में मैं पानी पिया. जान के.”

आमच्याजवळ तयार भाषणे खूप होती. त्या वेळी एकही आठवले नाही. आम्ही म्हणालो, “ईद के बाद कजा रखेंगे. दोनो मिलके. मेरे भी बाकी हैं, बेरां के.”

कजा ठेवली मे महिन्यात, सुट्टीत. एप्रिल बरा होता असे वाटायला लावणारे ऊन होते. दुपारी दोन वाजता आम्ही उठून स्वयंपाकघरात गेलो. खरे सांगतो, फक्त माठाला हात लावून हात गार करायचा होता. दारात साहबजादे उभे.

“अब्बा?”

“हौ, मालूम,” आम्ही म्हणालो आणि परत येऊन पंचावर पडलो. तोही शेजारी येऊन पडला. वीज आली, कूलर सुरू झाला आणि त्याने तो आमच्याकडे वळवला.

आता रमजान सरकत सरकत थंडीकडे निघाला आहे. साहबजादीच्या हिशेबाने २०३० मध्ये तो पुन्हा डिसेंबरात येईल आणि मे महिन्यात यायला २०५० उजाडेल. तेव्हा आम्ही चौसष्टचे असू. साहबजाद्यांच्या घरी तोवर एखादे चौदा वर्षांचे वादळ असेलच. माठाचे झाकण वाजले तर उठायचे नाही, एवढे आम्ही ठरवून ठेवले आहे. बोरांचे अजून काही बाकी आहेत. तेवढे आधी फेडायला हवेत.