हाय स्ट्रीटवरचं घर आणि आमचं डिपॉझिट

ज्या अर्बाना गावातल्या एका भाड्याच्या घराचे फोटो काढायला लोक कुठून कुठून येतात, त्याच गावात आमचं डिपॉझिट बुडालं. इतकी वर्षं झाली, तरी ते घर कुठे दिसलं की माझं डोकं फिरतं.

अर्बानाच्या इलिनॉय विद्यापीठात एमएसला गेलो. जीआरई, कर्ज, बॅगेतला कुकर, शिकागो सोडल्यावर दोन-अडीच तास नुसता मका, हे सगळं घरोघरी माहीत आहे. तिथे लॅबमधल्या एका अमेरिकन पोरानं 'अमेरिकन फुटबॉल' या बँडचा 1999चा पहिला अल्बम ऐकवला. लोक फोटो काढतात ते घर याच अल्बमच्या मुखपृष्ठावरचं. खेळाचा त्यात काही संबंध नाही. माईक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लॅमोस ही याच विद्यापीठात शिकलेली मंडळी. अल्बम अर्बानातच रेकॉर्ड केला, शिक्षण आटोपलं आणि बँडही आटोपला. पुढे पंधरा वर्षांत तो ऐकणारे वाढत गेले आणि 2014 साली तिघं परत एकत्र आले.

त्यांच्या संगीताला इमो म्हणतात. इमो म्हणजे मूळची पंकमधली आरडाओरड. किन्सेला आधी कॅप'न जॅझमध्ये ड्रम बडवायचा, तो तसलाच प्रकार. इथे मात्र दोन गिटार वेगळ्याच सुरांत लावलेल्या, एकमेकींच्या पायात येत नाहीत. गाणारा जेमतेम चार ओळी गातो आणि गप्प होतो, मग मिनिटंच्या मिनिटं नुसतं वाजत राहतं. मधेच ड्रमर ट्रम्पेट उचलतो. सगळी गाणी निरोपाची, उन्हाळा संपल्याची. मला तेव्हा ते रडगाणं वाटलं. बावीस वर्षांच्या पोरांना कसली आलीय एवढी हुरहुर?

आता आमचं. कॅम्पसवरची बहुतेक लीज ऑगस्टमध्ये संपतात. आमच्या घराच्या बेडरूममध्ये, कपाटासमोर, कार्पेटवर इस्त्रीचा तिकोनी डाग होता. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच होता! माझ्या सांगलीच्या रूममेटनं तो घर ताब्यात घेतानाच्या फॉर्मवर लिहिला, शेजारी छोटा त्रिकोणसुद्धा काढला आणि फॉर्म घरमालकाच्या ऑफिसात नेऊन दिला. निघायच्या आदल्या रात्री आम्ही ओव्हन घासला, फ्रिजचे ट्रे बाथटबमध्ये धुतले, रूममेट तर टूथब्रश घेऊन नळाच्या मागे शिरला. पुढे पत्र आलं: तिन्ही खोल्यांचं कार्पेट बदललं, ओव्हन साफ केला, डिपॉझिट संपलं. एका तिकोनी डागापायी तीन खोल्या! फोन केला तर म्हणे तुमचा फॉर्म फाइलला नाही. फॉर्मची प्रत कुणी ठेवली होती? ऑफिसातली बाई फार गोड बोलायची, ते तर जास्तच झोंबलं.

मोठ्या इमारतींच्या घरमालकानं डिपॉझिट कापलं तर तीस दिवसांत खर्चाची यादी द्यायची, पावत्या जोडायच्या, असा इलिनॉयचा कायदा आहे. पण तोवर रूममेट टेक्सासला, मी पुण्यात. दाव्यासाठी अर्बानाच्या कोर्टात जाणार कोण? धंदा चालतो तो यावरच. ऑगस्टमध्ये सगळं गाव निघून जातं आणि गेलेला माणूस भांडायला परत येत नाही.

पुण्यात एकदा कामाच्या नादात तोच अल्बम लागला. शेवटच्या गाण्यात शब्दच नाहीत. ते संपेपर्यंत मी काम बाजूला ठेवून बसलो होतो, आणि आठवत होतं ते सगळं आमच्या त्याच मेल्या घरातलं. रडगाणं म्हणालो होतो, ते मागे घेतो असंही नाही. पण पोरं खोटं गात नव्हती.

मुखपृष्ठावरचं, हिरवट रात्रीत वरच्या मजल्यावर उजेडाची खिडकी असलेलं ते पांढरं घर 2023 साली बँडनं, त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं आणि काही मित्रांनी मिळून विकतच घेतलं. चांगलं केलं. भाडेकरूच्या आठवणीला त्या गावात कधी नव्हे तो मान मिळाला.

तुमचं कुणी यंदा तिकडे जात असेल तर त्याला सांगा, सामान आत न्यायच्या आधी खोलीचा व्हिडिओ काढ, फॉर्म ईमेलनं पाठव आणि पैसे कापले तर पावत्या माग. आम्हाला आलेल्या पत्राला एकही जोडलेली नव्हती.