रोज एक क्लिक!

‘काल काय केलंस?’ हा प्रश्न मला गेल्या वर्षीपर्यंत जाम डेंजर वाटायचा. कारण उत्तरच नसायचं. फ्रीलान्सिंग म्हटलं की लोकांना वाटतं, काय मज्जा आहे हिची! बॉस नाही, मस्टर नाही, लोकलमध्ये लोंबकळणं नाही. प्रत्यक्षात काय, तर डोंबिवलीच्या घरी डायनिंग टेबलवर लॅपटॉप, बाजूला गार झालेला चहा आणि अडकलेल्या पेमेंटची वाट बघणं. सोमवार कुठे संपला नि गुरुवार कुठे उगवला, पत्ताच लागायचा नाही.

एकदा ग्रुपमध्ये हेच रडगाणं गात होते. आमच्यातला एक जण लग्नांचे फोटो काढतो. सीझनमध्ये एकेका लग्नात दोन-तीन हजार क्लिक्स मारणारा हा प्राणी निघताना एक फोटो फक्त स्वतःसाठी काढतो. कधी मांडवामागे रचलेल्या खुर्च्या, कधी भांडी घासणाऱ्या मावशींच्या ओल्या बांगड्या. ‘‘तूपण काढ. रोज एक. बास!’’ तो म्हणाला. वर त्याने जेमी लिव्हिंग्स्टनची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्कच्या या माणसाने ३१ मार्च १९७९ पासून रोज एक पोलरॉइड काढायला घेतला. मित्र, जेवणाची टेबलं, रस्ते आणि शेवटी हॉस्पिटल. २५ ऑक्टोबर १९९७ ला तो कॅन्सरने गेला, तोवर हे चालू होतं. तो त्याचा एकेचाळिसावा वाढदिवस होता.

अठरा वर्षं! मला अठरा दिवस तरी जमेल का, असं म्हणत जूनमध्ये सुरुवात केली. पहिला आठवडा टोटल बोअर. चहा, मांजर, चहा, मांजर. मग पेपरसाठी फोटो काढणाऱ्या मैत्रिणीला शरण गेले. तिने पहिल्यांदा माझा ‘चांगला कॅमेरा घ्यावा का गं?’ हा प्रश्न उडवून लावला. ‘‘फोन पुरतो. झूम करू नकोस, दोन पावलं पुढे जा. माणसाच्या पाठीमागे खिडकी घेऊ नकोस, बाजूला घे. स्क्रीनवर बोट दाबून धरलंस की उजेड लॉक होतो. आणि भर दुपारी फोटो काढायचा हट्ट सोड.’’

तिचं ऐकलं आणि खरंच फरक पडला. आमच्या गॅलरीत सकाळी आठला तिरपं ऊन येतं, हे मला सत्तावीस वर्षांत माहीत नव्हतं. त्या उन्हात बाबा पेपर घेऊन बसतात. आळशी माणसाला आणखी काय हवं? सुचलं नाही की बाबांचा फोटो. असं करत करत चार महिने निघाले.

ऑक्टोबरमध्ये ती मैत्रीण घरी आली होती. तिने माझे सगळे फोटो एका दमात बघितले आणि विचारलं, ‘‘तुझे बाबा पेपर इतका जवळ का धरतात गं?’’

मी पुन्हा बघितलं. जूनमध्ये पेपर हातभर लांब होता. ऑगस्टमध्ये थोडा अलीकडे. आता जवळजवळ नाकाला टेकलेला. हे सगळे फोटो मीच काढले होते. कपाची सावली दिसली, उन्हाची तिरीप दिसली, बाबा दिसले नाहीत.

विचारलं तर आधी म्हणाले, ‘‘हल्ली छपाईच फिकट करतात.’’ मग आईने डोळे वटारल्यावर हळूच, ‘‘तुझं ते पेमेंट अडकलं होतं ना, म्हटलं बघू दिवाळीनंतर.’’ त्यावर काय बोलायचं, मला आजही सुचलेलं नाही. त्या दिवशी फोटो काढला नाही. वर्षभरात तेवढा एकच दिवस रिकामा आहे.

मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं, दुसऱ्याचं जानेवारीत. पहिल्या डोळ्याची पट्टी काढून घरी आल्यावर बाबा हॉलमध्ये उभे राहिले. ‘‘अरेच्चा, ही भिंत पांढरी आहे होय? मी पिवळीच समजत होतो!’’ त्या क्षणाचा फोटो हललेला आहे, तरी डिलीट केलेला नाही.

नंतर त्यांनी माझे सगळे फोटो मागून घेतले. चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघितले. मला वाटलं, आता काहीतरी इमोशनल बोलणार. तर म्हणाले, ‘‘सगळ्यांत मी बनियनवरच आहे. सांगायचं तरी!’’ आता सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसतात आणि मी फोन उचलला की पोट आत घेतात. सगळी नॅचरल पोज गेली!

तुम्हालाही ‘काल काय केलं’ आठवत नसेल तर ट्राय करून बघा. नवा कॅमेरा नको, क्लास नको. फक्त महिन्यातून एकदा सगळे फोटो ओळीने बघा. आणि शक्यतो एखाद्या फोटोग्राफर मित्राला शेजारी बसवून बघा.